देवळापाशी चढणारा काटा

हातातला चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे एकदा हे ऐकताना आमच्या शेजाऱ्यांच्या नाकातून चहा आला आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्याचं मातेरं झालं. वर त्यांच्या बायकोने बोल लावला तो मला!

संपला? बरं. तर ऐका, मी स्वतःचं ठरत आलेलं लग्न स्वतःच्या हाताने कसं मोडत आणलं ते. आणि तेही उगाच नाही हं, अगदी शास्त्रीय पद्धतीने!

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. मालवणात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक माझी. हिरवी, जुनी, विलायती. म्हापशाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती वापरून वापरून मऊ केलेली, मग माझ्याकडे आली. मी ती भाड्याने चालवायचो. पेशंट न्या, नवरी न्या, काजूची पोती न्या, सगळं चालायचं. गाडीतलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता. आणि तो मी गावभर पसरवलाही होता.

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. गाडीला मुळात रबराचा फुगा दाबून वाजवायचा हॉर्न होता. बदकासारखा आवाज! मला तो कमीपणाचा वाटे. म्हणून मी मुंबईहून दोन तोंडांचा विजेचा भोंगा मागवला. बसवला कुणी? अहो, मीच! एक तार कुठे जोडायची ते काही कळेना. शेवटी काट्यांच्या मागे एक स्क्रू दिसला, त्याच्याखाली आधीच दोन तारा बसल्या होत्या, तिथेच तिसरी कोंबली. एसटीत चौथा माणूस बसतोच की नाही? तसंच. भोंगा असा वाजला म्हणता, बंदरावरचे कावळे उडाले.

तर लग्न. मुलगी कट्टा नावाच्या गावाच्या पलीकडच्या एका गावातली, नाव सुलू. जत्रेत एकदा लांबून पाहिली होती आणि तेव्हापासून मी कट्ट्याकडची भाडी पैशांकडे न बघता घेत होतो. माझ्या मामांनी शब्द टाकला. मुलीच्या आईला, म्हणजे माईंना, मी पसंत. घोडं अडलं ते तात्यांपाशी.

तात्या म्हणजे सुलूचे वडील. गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी थेट बोलणं. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. तात्यांचा आवाज असा की देवाला 'ऐकलं नाही' म्हणायची सोयच नव्हती.

ते मामांना म्हणाले, "झील बरो आसा. पण पॉट भरता यंत्रार. यंत्र देवाक मानवला काय? बाजाराक येतंय, माई आणि चेडू घेवन. परत जाताना ह्येच्याच गाडयेतसून जावया. देवांच्या वाटेन गाडी कशी चलता तां बघतंय, मगे सांगतंय."

झील म्हणजे मी, चेडू म्हणजे सुलू. आणि परीक्षा नवऱ्यामुलाची नाही, गाडीची! मी तर खूष झालो. म्हटलं, ह्या पेपरात आपण पहिले.

त्या दिवशी गाडी अशी पुसली की तिच्यात बघून दाढी केली. पुढे माझ्या शेजारी तात्या, डोक्याला टोपी, मांडीवर छत्री. मागे खिडकीपाशी माई, मध्ये सुलू, दुसऱ्या खिडकीपाशी आमचे मामा. सुलूला घरून ताकीद होती, मान वर करायची नाही. ती बिचारी खाली मान घालून बसली. मला आरशात तिचा नुसता भांग दिसत होता. पण काय सांगू, तेवढाही पुरेसा होता!

गाडी सुरू झाली आणि तात्यांनी छत्रीच्या टोकाने समोर दाखवलं.

"ह्यो काटो कसलो?"

"इंजिनाचो ताप दाखवता, तात्यानु," मी छाती फुगवून म्हणालो. "डावीकडे आसा तवसर इंजिन शांत. उजवीकडे लाल रेघेर गेलो, म्हणजे इंजिन खवळला."

"असां काय?" तात्या म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांची नजर त्या काट्यावर जी बसली ती बसलीच.

कशाला सांगितलं मी? कुणी विचारलं होतं एवढं? नुसतं 'घड्याळ आसा' म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं?

आमच्याकडची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. रस्त्याच्या कडेला देव लागला की ड्रायव्हर काही स्टिअरिंग सोडून हात जोडू शकत नाही, म्हणून तो हॉर्न वाजवतो. तोच त्याचा नमस्कार. आणि कोकणात देवांना काय तोटा? वळणावर देव, वडाखाली देव, पाणंदीच्या तोंडाशी देव. आज तर शेजारी मानकरी बसलेले. म्हटलं, एकही देव सुटता कामा नये.

वेशीवरचा देव आला. मी भक्तिभावाने भोंगा दाबला. पींऽऽऽ!

आणि काटा टुण्णकन उजवीकडे! सरळ लाल रेघेवर.

"खवळला!" तात्या ओरडले.

मी करकचून ब्रेक मारला. उतरलो. गोणपाट हातात घेतलं, सगळ्यांना लांब उभं केलं, आणि वाफेचा फवारा येणार म्हणून तोंड फिरवून रेडिएटरचं झाकण उघडलं. फुस्स नाही की फास्स नाही! मामांनी विहिरीत डोकवावं तसं आत डोकावलं.

"आंघोळीक पण हूनहुनीत नाय रे, नुसतां कोमट," ते म्हणाले.

"पाणी वायच कमी झालां आसतलां," मी म्हणालो आणि तांब्याभर पाणी ओतलं. ते सगळं वरून उतू गेलं, कारण पाणी काठोकाठ होतं. परत आत येऊन बघतो तर काटा डावीकडे, गपगार. जसं काही झालंच नाही.

पुढे वडाखालचा राखणदार लागला. राखणदार म्हणजे गावाची पाठराखण करणारा देव, भारी कडक. त्याला नमस्कार चुकवून चालणारच नाही. पींऽऽऽ! काटा लालवर.

पुन्हा उतरलो. पंख्याचा पट्टा ओढून बघितला. घट्ट. नळी चाचपली. ठीक. कानाला स्क्रूड्रायव्हर लावून इंजिन ऐकलं. छान घुरघुरत होतं. आता काय बोलायचं? सासरे होऊ घातलेले समोर उभे, आणि मागे ती खाली मान घालून बसलेली. इज्जतीचा सवाल हो!

"चढ आसा ना, म्हणान तापता," मी ठोकून दिलं.

"खंयचो चढ?" मामा म्हणाले. "सपाट कातळ आसा मेल्या!"

हे मामा माझ्या बाजूचे बरं का! असे नातेवाईक असले की शत्रूंची गरज पडत नाही.

आणखी थोडं पुढे ख्रिस्ती वाडीतला खुरीस, म्हणजे क्रूस. आपण काय, सगळ्यांना मानतो. पीं! काटा वर.

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "झिला, माका एक सांग. गाडी तापाक नाय. पाणी तापाक नाय. काटो मात्र तापता. तोय खंय? तर देवाफुडे. म्हणजे तापलो कोण?"

मी काट्यावरच्या काचेला टिचकी मारली.

"देव!" तात्यांनी स्वतःच उत्तर दिलं. माईंनी मागून "अगे बाये!" केलं आणि पदर ओढून घेतला.

आता बघा, मी चार बुकं शिकलेला माणूस. मी असलं मानायचो नाही. पण घाम तर सुटला होता. तेवढ्यात रस्त्यात मधोमध म्हैस. बसलेली. रवंथ करणारी. मी भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही, मनातला सगळा राग त्या म्हशीवर काढला. पींऽऽऽऽऽ!

"वशा, उठलो रे काटो!" मामा मागून म्हणाले. "हंय तर देव नाय. म्हस आसा."

क्षणभर माझ्या जिवात जीव आला. पण तात्या काही कच्चे नव्हते.

"म्हशीर कोण बसता?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"कोण?"

"यम!"

माईंनी पदर आणखी पुढे ओढला. म्हैस तेवढी आरामात उठली, आमच्याकडे तुच्छतेने बघितलं आणि गेली.

मग तात्यांनी गाडी थांबवायला लावली. म्हणाले, गाऱ्हाणं घालूक व्हयां. सगळे रस्त्यात उतरलो. तात्या गाडीच्या तोंडासमोर उभे राहिले, हात जोडले आणि त्या माळावर त्यांचा आवाज घुमला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही.

"ह्या लेकरान परमुलखातली गाडी हाडली आसा. तिका तुझी रीतभात ठावक नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल. जी काय इडापिडा आसात ती वाटेतल्यावाटेक दूर कर. आणि ह्येचो काटो खाली ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? मी! चार बुकं शिकलेला!

आणि गाऱ्हाणं संपल्यावर मी काय केलं असेल? देवाचे आभार नकोत मानायला? गाडीत बसलो आणि चांगला लांबलचक भोंगा दिला. काटा लाल रेघ ओलांडून पलीकडच्या खिळ्याला थडकला!

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सीटमध्ये आणखी थोडा खाली सरकलो.

इथे माझ्यातला विद्वान जागा झाला. म्हटलं, वशा, घाबरून काय होणार? नीट निदान करायला हवं. मी तात्यांना म्हणालो, "तात्यानु, आपण परीक्षा करून बघूया. पुढे घाटीवर वेताळ आसा. वेताळाच्या अलीकडे गाडी थांबवतंय. काटो बघूया. मगे वेताळाफुडे जावया. परत काटो बघूया. दूध का दूध, पाणी का पाणी!"

तात्यांना ते पटलं. वेताळाच्या अलीकडे थांबलो. काटा डावीकडे, गरीब गाईसारखा. सगळ्यांनी खात्री करून घेतली. हळूहळू पुढे गेलो. वेताळाची दगडी मूर्ती दिसली, आणि सवयीप्रमाणे माझा हात गेला. पींऽऽऽ! काटा वर. पलीकडे जाऊन थांबलो. काटा खाली!

"तात्यानु!" मी आनंदाने जवळजवळ नाचलो. "सिद्ध झालां! प्रयोगान सिद्ध झालां! देवाफुडे इलो काय काटो चढता, देव मागे पडलो काय काटो उतारता. आता शंकाच नाय!"

कोडं सुटल्याच्या आनंदात मी मागे वळून मामांकडे बघितलं. मामांनी कपाळावर हात मारून घेतला होता. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, की मी नुसतं हे सिद्ध केलं होतं की रस्त्यातल्या एकूण एक देवाला मी नको आहे.

"बरां झालां, तूच सांगितलंस," तात्या म्हणाले. त्यांचाही आवाज पडला होता, खोटं कशाला बोलू. त्यांना मी आवडायला लागलो होतो बहुतेक. "आता एकच रवलां. आमची गावची देवी. तिच्याफुडे काटो खाली रवलो तर चेडू तुझां. चढलो, तर आमका हंयच सोड आणि गाडी घेवन मालवणाक जा. लग्नाची गजाल परत काढू नको."

पुढची वाट कशी गेली विचारू नका. मी ज्यांना ज्यांना मानत होतो, ज्यांना मानत नव्हतो, सगळ्यांना मनातल्या मनात नवस बोललो. आरशात बघितलं तर तो भांग थरथरत होता. म्हटलं, रडते आहे बिचारी.

देवीचं देऊळ आलं. गाडी समोर उभी केली. माईंनी डोळे मिटले. तात्यांनी हात जोडले. मी काट्याकडे बघितलं, डावीकडे, शांत. आणि म्हटलं, आता माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, इथे अर्धामुर्धा नमस्कार करून भागणार नाही. साष्टांगच घालायला हवा! मी दोन्ही तळहात एकावर एक ठेवले आणि जीव खाऊन भोंगा दाबला. पींऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ!

काटा असा उडाला की काचेवर त्याचा आवाज ऐकू आला.

"झालां," तात्या म्हणाले आणि दार उघडून उतरायला लागले. "देवीक मान्य नाय. माई, चला. सामान उतरवा."

आणि मागून हसू फुटलं!

आधी खुदकन. मग पदर तोंडात कोंबून. मग तोही आवरेना. ती रडत नव्हती हो, वेशीपासून हसू दाबत होती!

"गो खुळावलंस काय?" माई ओरडल्या.

"बाबा, थांबा," सुलू म्हणाली. अजून मान खालीच. "देव कित्याक खवळतलो? ह्ये बटण दाबतत, काटो उठता. बटण सोडतत, काटो बसता. म्हशीक वाजवल्यानी तेव्हाय उठलो. देवाचो काय संबंध?"

तात्या एक पाय गाडीत, एक पाय जमिनीवर, असे थिजले.

"तुका कसां कळलां?"

"तुमीच सांगितलास ना, मान वयर करू नको म्हणान? खाली मान घालून बसल्यार फुडच्या दोन सीटांच्या फटीतसून दुसरां काय दिसता? ह्येंचो हात आणि तो काटो. मी वाटभर तांच बघतंय."

"मगे आधी कित्याक बोललंस नाय गो?" तात्या गरजले.

"बोलू पण नको म्हणान सांगितलेलास!"

तेवढ्यात माईंच्या कानात काहीतरी खटकलं. "गो बाये! 'ह्येंचो' काय म्हणतंस? अजून ठराक तरी दी!"

सुलूचा चेहरा गुंजेसारखा लाल. पण तिकडे लक्ष द्यायला तात्यांना वेळ नव्हता. ते परत आत बसले, माझा हात बाजूला सारला, आणि छत्रीचं टोक भोंग्याच्या बटणावर ठेवून हलकेच दाबलं. पीं. काटा वर. सोडलं, काटा खाली. पीं. वर. खाली. पीं पीं पींऽऽ!

पुढे विचारू नका. ऐन म्हातारपणी एखाद्याला पिपाणी मिळावी तशी त्यांची गत झाली. देवळाचे पुजारी धावत आले, भाताच्या खळ्यावरची माणसं आली, बायका घागरी घेऊन आल्या.

"तात्यानु, काय झालां? कोण इलो?"

"कोण नाय," तात्या बटण दाबत म्हणाले. "जावयाची अक्कल मोजतंय!"

आणि मी? मी मुकाट्याने डॅशबोर्डाखाली डोकं घातलं. तिथे माझा तो लाडका स्क्रू! खाऱ्या हवेने हिरवा पडलेला, आणि त्याच्याखाली दाटीवाटीने तीन तारा. काट्याची तार आणि माझ्या भोंग्याची तार एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. भोंग्याने वीज ओढली की काट्याला झटका. गाडी बिचारी धडधाकट. काटाही ठीक. सगळ्या रस्त्यात एकच वस्तू बिघडलेली होती, आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली होती!

तात्यांनी तिथेच देवीसमोर नवं गाऱ्हाणं घातलं. मला शब्द न शब्द पाठ आहे. "बा देवी माये, गाडी बरी आसा. जावय वायच खुळो आसा, पण मनान बरो आसा. चेडू शहाणां आसा, तां सांभाळून घेतलां. आता ह्यांका तुझ्या पदरात घे गे माये!" सगळा गाव "होय म्हाराजा!" म्हणाला. आणि 'खुळो' ह्या शब्दाला जास्त जोरात म्हणाला, हे मी स्वतः ऐकलं.

त्याच वर्षी लग्न झालं. वरात माझ्याच गाडीतून निघाली. भोंगा मात्र तात्यांनी काढून स्वतःकडे ठेवून घेतला. म्हणाले, ठेव म्हणून राहू दे, तुला अक्कल आली की देतो. ते गेले बिचारे, भोंगा अजून तिकडेच आहे.

संपलं म्हणता? छे! खरी मजा तर परवाच झाली.

हल्ली माझं ब्लडप्रेशर वाढतं म्हणून सुलू मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तरुण डॉक्टर. दंडाला पट्टा बांधला, रबराचा फुगा दाबायला लागले. बघतो तर पुढ्यात गोल तबकडी आणि तिच्यात काटा! मी लगेच त्यांना समजावायला लागलो. म्हटलं, डॉक्टर, काट्यावर विश्वास ठेवू नका, मला अनुभव आहे, तुमची नळी कुठेतरी ढिली असणार, मी गाड्या दुरुस्त केल्या आहेत, आणा इकडे तो पट्टा, आधी मी बघतो! माझा आवाज जसजसा चढत गेला तसतसा काटाही चढत गेला. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. ते म्हणाले, "आजी, हे फारच वर आहे. आजोबांना दाखल करावं लागेल."

सुलू खुर्चीत खाली मान घालून बसली होती. अगदी त्या दिवशीसारखी. मान वर न करता म्हणाली,

"डॉक्टरांनु, घाय करू नका. आधी भोंगो बंद होवंदे. मगे काटो बघा."

डॉक्टरांनी मला गप्प बसायला सांगितलं. मी बसलो. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा फुगा दाबला.

काटा खाली!